बाळंतिणीच्या खोलीतला एसी

उस्ताद, तुम्ही बसवून दिलेला एसी काल उतरवला. तुम्ही गेल्यावरही मी त्याचा कॉम्प्रेसर बदलला, गॅस भरत राहिलो. दारात चप्पल काढतानाच आवाजावरून मला त्याची तब्येत कळायची. पण अलीकडे त्याला दोनच गोष्टी जमत होत्या, माणसाला गोठवणं नाहीतर बंद पडणं. आणि आखातातल्या भर जुलैत लेक बाळंतपणाला घरी आली आहे. जावई पलीकडे लुसैलला वर्ल्ड कपच्या स्टेडियमच्या कामावर, घरी फक्त आंघोळीपुरता येतो.

बायको म्हणते, "बाळंतिणीला गार वारा अजिबात नको. शेक, ओव्याची धुरी, कान बांधून झोपायचं." लेक म्हणते, "आई, बाहेर पंचेचाळीस आहे, शेगडी आणखी कशाला?" मग दोघी माझ्याकडे बघतात. मी ऐटीत म्हणालो, "तीन टनाचा टाकतो, खलास!" आणि बोलता बोलता जीभ चावली.

इंडस्ट्रियल एरियातलं आपलं वर्कशॉप, मी तुमच्या हाताखाली नवा. तुम्ही चहाचा ग्लास खाली ठेवता. मी एका म्हाताऱ्या बाईंच्या खोलीत भलं मोठं मशीन लावून आलोय. पाच मिनिटांत खोली गार, मशीन बंद, हवेतली ओल तशीच; भिंतींना घाम आणि बाईंचे गुडघे धरलेले. "खोली मापलीस का रे?" "मापली, उस्ताद." "आणि बाई बसते कुठं, ते विचारलंस?" मी हातातला पाना पुसू लागतो. "नुसतं गार तर बर्फवालाही करतो." एवढं बोलून तुम्ही खिशातली स्वतःची टेप माझ्या हातात ठेवलीत.

तीच टेप परवा काढली. खोली मापली, खिडकी मापली. पलंग कुठे, पाळणा कुठे, लेकीला विचारलं आणि तिथे स्वतः बसून पाहिलं. हिशोब दीड टनाचा निघाला. दुकानदार म्हणाला, "सगळा माल लुसैलला चाललाय सेठ, वर्ल्ड कप झाल्यावर या." म्हटलं, "बाबा रे, माझा नातू मॅच बघून थोडाच येणार आहे?" तो हसला, आणि गोदामातून एक काढून दिला.

आज दुपारी बायको शाल पांघरून, कान बांधून त्या पलंगावर परीक्षेला बसली. वारा समोरच्या भिंतीकडे वळवलेला. अर्ध्या तासाने तिने शाल बाजूला ठेवली. मग कानाचा रुमाल सोडला. "अहो, चालू आहे ना?" मीही कान दिला तेव्हा कळलं, चालू आहे.

हे पत्र वॉरंटी कार्डाबरोबर कपाटात राहील. तुम्हाला वाचता येत नव्हतं. गावाकडची पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायचो. तुम्ही असतात तर हेही मीच वाचलं असतं. आणि त्या दिवशी मी म्हाताऱ्या बाईंची खोली मापलीच नव्हती, हे वाक्य तेवढं गाळलं असतं.