इराणातून न आलेली कुत्री

प्रिय दादा,

काल भिगवणला तुझ्याच फोटोसमोर उभी राहून तुला खोटं पाडून आले. घरी आल्यापासून अंग जड झालंय. रात्री जेवले नाही, आज शाळेला रजा टाकली. बारामतीच्या या दोन खोल्यांत बसून कुणाशी बोलू? वहिनी शेळगावला मेंढरांपाशी, माझी माणसं आपापल्या कामाला. म्हटलं, ज्याच्याबद्दल बोलले त्यालाच सांगावं.

थकले रे मी. तू गेलास आणि तुझ्या कुत्र्यांचं सगळं माझ्या गळ्यात आलं. माझा नंबर कुणी कुणाला दिला देव जाणे! वर्गावर असले तरी फोन. “मॅडम, बिराजींच्या कुत्र्यांचं पिल्लू मिळेल का? मॅडम, नक्की जात कुठली? मॅडम, इराणहून आली ती कुठल्या साली?” काय उत्तर देणार होते मी? ते तुलाच माहीत. तूच आणलीस त्यांना इराणातून!

पणदऱ्याला ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवली होती, तेव्हा तो पुण्याचा कॅमेरेवाला आला. मीही त्या दिवशी भेटायला आले होते. त्यानं विचारलं, “बाबा, ही कुत्री कुठल्या जातीची?” तू चहाचा घोट घेतलास, पटका सारखा केलास आणि सरपंचासारखा चेहरा करून सुरू झालास. “आमच्या खापरपणज्याला एका सरदारानं ह्यांची जोडी दिली. त्यांनी इराणातनं घोडी आणली व्हती. त्या घोड्यांसंगट आली ही. आमी सरदारी कुत्री म्हंतो ह्यास्नी.”

मी तुझ्या तोंडाकडं बघतच राहिले. कुठला सरदार? कुठली घोडी? आपल्याकडं घोडं होतं ते बिऱ्हाड लादायला, आणि तेही चावरं! त्या व्हिडिओत मागून वहिनीचं हसू ऐकू येतं. भाकरी थापताना तोंडाला पदर लावून हसत होती. बघणाऱ्या कुणालाही ते हसू कशाचं ते कळलं नाही.

तो गेल्यावर मी तुला म्हटलंही, “दादा, काय रे ही थाप?”

“असू दे की गं. लांबून आलं व्हतं बिचारं. रिकामं कशाला धाडायचं?”

मला तेव्हा गंमत वाटली. तुलाही वाटली असेल. पण तू त्याला नंतर फोन करून खरं का सांगितलं नाहीस? तुझी गंमत सगळीकडं पोचली, दादा. लोकांनी त्यात भर घातली. कुणी सरदाराचं नाव शोधलं, कुणी बंदर शोधलं. आपल्या मेंढरांमागं पाय तुटेस्तोवर चालणाऱ्या कुत्र्यांना जहाजात बसवलं रे त्यांनी!

तू गेलास त्या दिवसाचं सांगते, तुला माहीत नसणार. दवाखान्यातून तुला आणलं तेव्हा तुझी कुत्री, चिमणी, पळत आली. गाडीभोवती फिरली, तुझ्या पायांचा वास घेतला आणि माघारी वळून मेंढरांत जाऊन उभी राहिली. माणसं कुजबुजली, “मुकं जनावर म्हंत्यात, पन मालकाला इसरलं बघा.” वहिनी एवढी रडत होती, तरी मान वर करून म्हणाली, “इसरली न्हाय. मेंढरं उघडी हायती, म्हून गेली ती.”

त्या दिवशी मला या कुत्र्यांची जात कळली असं म्हटलं तरी चालेल.

मग या कुत्र्यांना जात म्हणून नाव मिळवून द्यायला निघालेलं मंडळ आलं. आपल्या भागातलीच माणसं आहेत, मनानं वाईट नाहीत. त्यातले सतीशराव घरी आले, वहिनीच्या पाया पडले. म्हणाले, “मेंढरं राखणाऱ्या ह्या कुत्र्याला जगात नाव नाही. नाव नाही म्हणून मान नाही. आपण त्याला बिराजी नाव देऊ. तुमच्या दादांची इराणची हकिकत छापू.” तुझं नाव, दादा! एका जातीला! माझा ऊर भरून आला. पण त्याबरोबर ती थापही छापली जाणार होती.

काल भिगवणला जाताना एसटीत वहिनी माझ्या शेजारी बसली होती. डाळज गाव मागं पडलं. मग एकदम म्हणाली, “वन्सं, तितं तुमालाच बोलाया लावत्याल. खरं बोला.”

“वहिनी, दादाचं नाव जाईल.”

“जाऊ द्या की. त्यांचं नाव माझ्या कपाळावरनं गेलं, आता कुत्र्याला देऊन काय करू? पन आत्यांनी आनि मी हाडं झिजवली, ती त्या सरदाराच्या नावावर नगं.”

आत्या म्हणजे आपली आई. वहिनी तिला शेवटपर्यंत आत्याच म्हणाली.

दादा, कुत्री कुणी घडवली हे तुझ्या थापेत कुठंच नव्हतं. पिल्लं डोळे उघडून चालायला लागली की आई त्यांना मेंढरांच्या वाड्याला लावलेल्या जाळीच्या आत कोकरांत सोडायची. मेंढीचं दूध पाजायची. दिवस दिवस तिथंच बसून बघायची. जे पिल्लू कोकराचं तोंड चाटेल, त्याच्या पोटाशी झोपेल ते ठेवायचं. जे दात लावेल ते मळेवाल्यांना राखणीला द्यायचं. आईनंतर हे वहिनीनं केलं. वाटेत, पालात, अंगावर पोर असताना केलं. तू मेंढरं घेऊन पुढं असायचास. तुला तयार कुत्रं मिळायचं!

सभेला बरीच माणसं होती. मंगल कार्यालयात तुझा फोटो लावलेला, हार घातलेला, केवढा मोठा! सतीशरावांनी सरदार, घोडी, इराण सगळं वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. मग म्हणाले, “बिराजींच्या भगिनी दोन शब्द बोलतील.”

मी उठून माईक हातात घेतला. मी म्हटलं, “ती इराणची गोष्ट खरी नाही. माझ्या भावानं ती बसल्या बसल्या रचून सांगितली. आमची कुत्री इथलीच. माझ्या आईनं आणि ह्या माझ्या वहिनीनं निवडून निवडून वाढवलेली.”

 मग मागून कुणीतरी ओरडलं, “म्हंजे म्हाताऱ्यानं थापा मारल्या व्हय!” आणि सभा हसली रे. सगळी सभा तुझ्या फोटोसमोर हसली.

सतीशराव चरफडले. “बाई, आधी सांगायचं. पुस्तिका छापायला गेलीय.” तेवढ्यात एक म्हातारे आबा उठले. ओळखीचे नव्हते, खांद्यावर घोंगडी होती. “बाई बोलल्या ते बरुबर हाय. आमच्याकडं बी बायकाच निवडत्यात पिल्लं. हसताय काय?” मग कुणी वहिनीला विचारलं, “मामी, तुमी काय नाव घेता ह्या कुत्र्यांचं?”

वहिनी बसूनच म्हणाली, “आयचं. ही चिमणीची, ती काशीची. जिच्या पोटची तिचं नाव.”

“तसं नव्हं. सगळ्यांचं मिळून?”

तिनं विचार केला. “सगळ्यांचं मिळून कवा काम पडलं न्हाय.”

शेवटी ठरलं असं की, तूर्त धनगरी म्हणायचं आणि इराण काढून टाकायचं. नावाचं पुढच्या बैठकीत बघू म्हणाले. माणसं जेवायला उठली. आम्ही न जेवता निघालो. वहिनीनं वाटेत माझा हात धरून ठेवला होता. रागावली नव्हती, मग मी का रडत होते?

आज सकाळपासून तेच शोधतेय. ते हसू कानातून जात नाही. कारण तू ती थाप का मारलीस हे मला मागाहून उमगलं होतं आणि तेवढंच सांगायचं राहिलं.

काशीला लांडग्यानं फाडलं होतं, आठवतं ना? मेंढरू वाचवलं तिनं, पण तिचा गळा उघडा पडला. तू तिला घोंगडीत गुंडाळून, मोटारसायकलवर मला मागं बसवून जनावरांच्या दवाखान्यात नेलंस. तिथल्या माणसानं हातही लावला नाही. लांबूनच म्हणाला, “गावठी हाय ना? मग कशाला एवढी धावपळ? दुसरं मिळंल.” काशी माझ्या मांडीवर गेली. तू रडला नाहीस. येताना वाटेत गाडी थांबवलीस आणि मला विचारलंस, “गावठी म्हंजे गावातलं ना गं? मग त्यात वंगाळ काय हाय?”

 त्यानंतर कुणी कुत्र्याची जात विचारली की तू उठून मेंढरांकडं निघून जायचास. आणि मग त्या दिवशी पणदऱ्याला तू ती एकदम इराणातून आणलीस. गावातल्याला कुणी हात लावत नाही, लांबून आलेल्याला लावतील, असंच वाटलं ना तुला? वेड्या, मला तरी सांगायचंस!

पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. पाय दुखत असले, कंटाळा आला तरी जाणार. आई आणि वहिनीचं सांगितलं, ते पुन्हा सांगेन. पण यावेळी तेवढ्यावर खाली बसणार नाही. काशी कशी गेली ते सांगेन, तो माणूस काय म्हणाला ते सांगेन, आणि मग म्हणेन, आता हसा बघू. नाव त्यांना काय द्यायचं ते देऊ देत. माझ्या भावाला थापाड्या म्हणून मी तिथं सोडून येणार नाही, दादा.

तुझीच,
सुमन