बोर्डाची मागची बाजू

पोशीर, रविवार, लग्नाहून आल्यावर

सकाळी फाटकावर बोर्ड नव्हता. पडवीत पार्लर सुरू केलं तेव्हा कर्जतहून करून आणलेला, माझ्या नावाचा. दिरांनी नेला होता. मागची बाजू कोरी दिसली, तिच्यावर 'लग्नघर' लिहून बाण काढला आणि नाक्यावर बांधला. विचारलं तर म्हणाले, "वैनी, एका दिवसाचा तर सवाल हाय. आज तसं बी कोन येनार हाय तुमच्याकडं?"

खरंच, कोण येणार होतं? नणंदेचं लग्न, आणि नवरीच्या मेकअपला कर्जतची बाई. नणंदेच्याच चेहऱ्यावर हात बसवला मी, वर्षभर! काल म्हणते, "वैनी, तुजा मेकअप फोटोत घरचा वाटंल गं." घरचा! घरचीने काय करायचं, तर सगळ्या बायकांना साड्या नेसवायच्या. नेसवल्या. गुडघे अजून ठणकतायत.

त्या कर्जतच्या बाईने मात्र निऱ्या बघितल्या. "छान हात आहे हो तुमचा. कुठे काम करता?" तोंडातल्या पिना काढेपर्यंत सासूबाईंनीच उत्तर दिलं, "काम कसलं? सून हाय आमची. घरीच असते."

मग ती बाई सासूबाईंना म्हणाली, घर अगदी पटकन सापडलं, नाक्यावर एवढा मोठा बोर्ड होता म्हणून.

माझा बोर्ड. मागून का होईना, पहिल्यांदाच कुणाला तरी घेऊन आला.

सांगावं का तिला? पण या वेळी मी पिना काढल्याच नाहीत.