डेल्मरच्या छपराचं पाणी

१२ एप्रिल
बर्फ वितळलं आणि तळघरात पुन्हा पाणी. आलं कुठून? शेजारच्या डेल्मरच्या छपरावरून. आणि तो नालायक कुंपणापलीकडून हसून हात करतो! मार्लिसच्या आईच्या हातमागाचे पाय भिजले. मार्लिस शांतपणे म्हणाली, आणखी एकदा भिजला तर माग या घरात राहणार नाही. बायको शांतपणे बोलली की माझं डोकं फिरतं.
ठरलं. पावसाची बाग करणार. खड्ड्यात पाणी जिरवायचं, त्यात इथल्याच मातीतली खोल मुळांची झाडं. डेल्मरने बघत बसावं.

३ मे
नगरपालिकेचं माहितीपत्रक म्हणतं, खड्डा भिंतीपासून दहा फूट लांब घ्या. दहा फुटांवर डेल्मरची हद्द! म्हणजे माझी फुलं त्याने फुकटात बघायची? खड्डा भिंतीला लागूनच घेतला, तळघराच्या खिडकीखाली. मार्लिसने पत्रक मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. असली पत्रकं डोकं नसलेल्यांसाठी असतात.
कंबर गेली.

२१ मे
रोपं लावली. डेल्मर ताटलीभर लेमन बार, लिंबाच्या गोड वड्या, घेऊन हजर. खड्ड्याकडे बराच वेळ बघून म्हणाला, वेगळंच आहे हं, ऑर्विल.
वेगळंच आहे हं! आमच्या मिनेसोटात तोंडावर कुणी कुणाला गाढव म्हणत नाही, हे म्हणतात. संताप संताप झाला. बार सगळे मीच खाल्ले, मार्लिसला दाखवलेही नाहीत.

९ जून
बागेत तण माजलंय. सगळं उपटलं. एक जांभळ्या कळ्यांचं झाड मात्र झकास पसरलंय, ते ठेवलं. तण मुळांसकट बादलीत भरून डेल्मरच्या अंगणाच्या कोपऱ्यातल्या डबक्यात फेकलं. घे म्हणावं! बऱ्याच दिवसांनी छान झोप लागली.

५ जुलै
मार्लिस म्हणते, जांभळं झाड युरोपातून आलेलं तण आहे आणि मी उपटली ती विकत आणलेली रोपं होती. मी म्हणालो, माझे आजोबाही नॉर्वेतूनच आले होते, त्यांना कुणी उपटलं नाही.  तिने रोपांची पावती आणून माझ्यापुढे ठेवली.

१९ जुलै
वादळ. खड्डा तुडुंब. मग खिडकीतून सगळं आत. माग गुडघाभर पाण्यात, अर्धं विणलेलं जाजम तरंगतंय. पावसाचा अंदाज साफ चुकला, माझा काय दोष?
डेल्मर पंप घेऊन आला. न बोलावता! तुमची हरकत नसेल तर माग माझ्या तळघरात ठेवू, कोरडं आहे, म्हणाला. हरकत होती. पण मार्लिसने एक बाजू उचललीसुद्धा. मी दार धरून उभा राहिलो. कुणीतरी धरायला हवंच होतं.

२ ऑगस्ट
जेवण झालं की मार्लिस तिकडे. मागाचं खटाक, खटाक ऐकू येतं. मी टीव्हीचा आवाज वाढवतो. तरी येतं.

३० ऑगस्ट
डेल्मरच्या कोपऱ्यात नगरपालिकेने पाटी लावली, ‘आदर्श पावसाची बाग’. माझं तण! छातीभर वाढलंय, फुललंय, फुलपाखरांची नुसती गर्दी. डबकं गायब. आणि तो हलकट सगळ्यांना सांगतो, रोपं ऑर्विलने दिली, फार मोठ्या मनाचा माणूस. असा अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता.
खडसावायला त्याच्या तळघरात गेलो. डेल्मर नव्हता. मार्लिस विणत होती. जमीन ठणठणीत कोरडी. मी पायरीवर बसलो. मग म्हणालो, पुढच्या वर्षी खड्डा दुप्पट मोठा करतो, म्हणजे माग घरी आणता येईल.
तिने माग थांबवला नाही. म्हणाली, वेगळंच आहे हं, ऑर्विल.