खापर केंद्राचा ‘डी’ ड्राइव्ह न पुसण्याबाबत

प्रति,
मा. संगणक कक्ष प्रमुख,
बालपोषण प्रकल्प, नंदुरबार.

विषय : हार्ड डिस्कचा ‘डी’ भाग राखून ठेवण्याबाबत (अतितातडीचे)
संदर्भ : गुरुवारी पूर्ण डिस्क पुसण्याबाबतचा आपला दि. १४/११/२०२५ चा निरोप

महोदय,

१. “ताई, मधमा भिंत घाली म्हनीसन घर दोन व्हतस का? बॅकअप भायेर ठेव,” असे मशीन दुरुस्त करणारे भाईदासदादा मला बजावून गेले होते. डिस्कचे दोन भाग त्यांनी माझ्याच सांगण्यावरून केले होते. ‘सी’त विंडोज व रोजचे काम, ‘डी’त दर शनिवारची प्रत. बॅकअप दहा मिनिटांत होऊ लागला, त्याचे मलाच कौतुक. मी म्हणाले, “दादा, बी.एस्सी. मी झाले की तुम्ही?”

२. मशीन बंद पडल्यावर आपल्याकडे पाठवताना फॉर्ममधील “बॅकअप घेतला आहे काय?” या रकान्यात मी ‘होय’ लिहिले. तो बॅकअप त्याच डिस्कवर आहे. बाहेर एकही प्रत नाही. आपल्या कक्षातील नवनीतभाऊ फोनवर म्हणाले, “मॅडम, होय आहे म्हणजे आम्ही पुसणार. बदल लेखी द्या.” तरी माझे ‘होय’ रद्द समजावे. चूक माझी आहे. जी कारवाई होईल ती मान्य आहे, पण गुरुवारनंतर करावी.

३. ऊसतोडीला गुजरातकडे जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे वजन आम्ही खापर नाक्यावर करतो. दि. ३१ ऑक्टोबरला तोरणमाळकडील फुलवंताबाईंची जागृती काट्यावर ठेवली. वय चौदा महिने, वजन सहा किलो शंभर. तीन आठवड्यांचा औषधी आहार दिला, तो शुक्रवारी संपतो. मुकादमाचा नंबर व टोळीच्या पडावाचे ठिकाण फक्त ‘डी’तील ऑक्टोबरच्या फाइलमध्ये आहे. नंबरची चिठ्ठी त्यांच्याजवळ एकच होती, म्हणून मी उतरवून घेऊन परत दिली. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी विचारले, “ताई, फोन करशील ना?” त्याही वेळी मी ‘होय’च म्हणाले.

४. माझा अझरुद्दीन तिच्याच वयाचा आहे, साडेनऊ किलोचा. त्याला कडेवर घेतले की दुसऱ्या हाताला ती आठवते. महोदय, हे अर्जात लिहायचे नसते, कळते मला.

५. तरी विनंती, की ‘सी’ पुसावा, ‘डी’ला हात लावू नये. त्यातील ‘नाका_ऑक्टोबर’ या फाइलची ओळ ४७ (जागृतीची) कृपया आजच वाचून कळवावी. फोनपाशीच बसले आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून,
शिरीन आमीर पिंजारी
नोंदणी सहायक, खापर केंद्र
दि. १८/११/२०२५

सोबत : दुरुस्त केलेला फॉर्म (‘होय’वर काट, माझी सही)

ता.क. डिस्क आधीच पुसली असल्यास : आईचे नाव फुलवंताबाई, वडील गोकुळ, अकरा कुटुंबांची टोळी, सुरत बाजूचा ऊस. मुलीच्या डाव्या पायात काळा दोरा, त्यात एकच घुंगरू. एवढ्या खुणेवर, साहेब, कोणाला तरी तिला बघायला पाठवा.