आईच्या सिंथेसायझरचा मिस्त्री

आई, तुझं मशीन परत वाजलं. तुला सांगावं असं सारखं वाटत होतं, आणि घरात कुणाला सांगायला गेले तर "हो, ऐकलं की आम्ही" म्हणून जो तो आपल्या फोनकडे वळतो. म्हणून लिहायला बसले.

तू बाबांकडे शिलाई मशीन मागितलं होतंस. बाबा बोटीवर नोकरीला, आणि येताना जपानच्या कुठल्याशा बंदरातून घेऊन आले सिंथेसायझर. काळा, जड, कडेला लाकडी फळ्या. तो स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवलाय, तू पिठाच्या हातांनी उभी आहेस आणि विचारतेस, "यावर काय मी ब्लाऊज शिवू?" कित्येक दिवस तू बाबांशी धड बोलली नव्हतीस. मग एका दुपारी भात उतरवून ठेवलास आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसलीस. आजोबांच्या भजनी मंडळातली पेटी तुझ्या हातात होतीच. हळूहळू असं झालं की चौलपासून रेवदंड्यापर्यंत कुणाची हळद तुझ्याशिवाय होईना. सिंथेसायझर हा शब्द कुणाच्या जिभेवर बसला नाही, सगळे मशीनच म्हणायचे. मी पट्ट्यांवर बोट ठेवलं की तू ओरडायचीस, "अगो, हात पूस आधी! खाऱ्या हातानं पेटीचं पितळ हिरवं पडतं, हे तर परदेशी हाय."

तू गेल्यावर ते तुझ्याच जुन्या पातळात गुंडाळून कपाटावर ठेवलं होतं. भाचीचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, माझ्या हळदीला आजीचं मशीन पाहिजे." खाली काढून चालू केलं, तर तापल्या तेलात पाणी पडावं तसा चर्र आवाज आला आणि मग काहीच नाही. खाऱ्या हवेनं आतून खाल्लं होतं.

अलिबागला टीव्ही दुरुस्त करणाऱ्यानं झाकणसुद्धा उघडलं नाही. "मॅडम, हे भंगारात द्या, नवीन कीबोर्ड घ्या." मग कुणीतरी मुंबईतल्या एका कारागिराचं नाव सांगितलं. गाडीत घालून रो-रो बोटीनं तिकडे नेलं. तो म्हणाला, "ठेवून जा, महिन्याभरानं फोन करा." उघडताना मी समोर बसू का, असं विचारलं तर म्हणाला, "आत कुणाला सोडत नाही." आणि पाचच मिनिटांनी म्हणतो, "दुरुस्त व्हायचं नाही हे. विकायचं असेल तर मी घेतो." मी म्हटलं, "दुरुस्त होणार नाही, तर तुम्ही घेऊन काय करणार?" तो नुसता हसला. असल्या जुन्या यंत्रांचे मूळ भाग काढून घेतात असं मी वाचलं होतं. परत येताना अख्खा वेळ मागच्या सीटवर मशीनशेजारी बसले, दवाखान्यातून माणूस घरी आणावा तशी.

ऑफिसातल्या एकीनं मुरुडच्या चाचांचं नाव काढलं. आखातात त्यांनी अनेक वर्षं जहाजांचे वायरलेस दुरुस्त केले, आता कोळ्यांच्या बोटींवरची यंत्रं बघतात. गेले, तर पहिला अर्धा तास त्यांनी मस्कतमधले आपले पराक्रमच ऐकवले. मला वाटलं, झालं, इथेही काही खरं नाही. पण मशीन समोर ठेवल्यावर ते एकदम गप्प झाले. चहूबाजूंनी बघून म्हणाले, "ताई, वायरलेस मी डोळे मिटून खोलतो. पण असलं यंत्र आजवर खोललं नाय. तुम्ही समोर बसा, तुमच्याच फोनवर फोटो काढत जा. मला नाय समजलं तर जसं हाय तसं बंद करून देईन." मी बसले. चाचींनी चहा दिला. पट्ट्यांखालचा गंज निघाला, जळके भाग बदलले, आणि निघताना काढलेले जुने भाग त्यांनी पिशवीत घालून माझ्या हातात ठेवले.

घरी आणलं, आणि दुसऱ्याच दिवशी जळका वास येऊन ते बंद पडलं. मी भांडायच्या तयारीनं फोन केला. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गलती माझीच असंल. तुम्ही हलवू नका, मीच येतो." एसटीनं आले, हत्यारांची पिशवी खांद्याला. ओटीवर बसून मशीन खोललं आणि माझ्या भावासमोर स्वच्छ सांगितलं, "ही वायर मी चुकीची जोडली होती." त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला.

सगळं नीट झाल्यावर त्यांनी फोनवर सूर मोजले. "सगळे थोडे चढे हायत. पण हा बिघाड नाय. आतला स्क्रू कुणीतरी मुद्दाम फिरवलाय."

कुणी, ते मला माहीत होतं. मांडवात तू पेचकस घेऊन वाकली आहेस, शेजारी म्हातारे सनईवाले एकच सूर धरून बसलेत, आणि तू मला सांगते आहेस, "त्यांची सनई बदलनार न्हाय. मशीनलाच त्यांच्याकडं जावं लागंल."

"ठेवू का फिरवू?" चाचांनी विचारलं. तसंच ठेवलं तर भाचीच्या हळदीच्या बँडशी ते जुळणार नव्हतं. फिरवलं तर तुझ्या हाताची खूण पुसली जाणार होती. चाचा उगाच माडांकडे बघत राहिले. सनईवालेही कधीच गेले, आई.

"फिरवा," मी म्हटलं. "शेजारी जो बसलाय त्याच्याशी जुळवून घ्यायचं, तिनंही हेच केलं असतं."

हळदीला भाचीच्या मैत्रिणीनं वाजवलं. पहिल्या सुराला मागच्या म्हाताऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या, "अगो, मशीन आलं!" म्हणत नाचायला पुढे आल्या. चाचा-चाची पहिल्या रांगेत. चाचा येईल त्याला सांगत होते की हे मी केलंय, आणि आधी बिघडवलं होतं तेही मीच.

जाताना म्हणाले, "हे बंद ठेवलं तर हवा परत खाणार. रोज वाजवा. तुम्हाला येतं ना?" माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. आता ईदनंतर ते दोघं माझं वाजवणं ऐकायला येणार आहेत. मला काहीच येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे! तेव्हापासून सगळे बाहेर पडले की दार लावून घेते आणि एका बोटानं आरतीची पहिली ओळ शोधत बसते. अजून सापडलेली नाही. हे पत्र कुठे जाणार नाही म्हणूनच कबूल करते: सापडली नाही तरी मजा येते आहे.