बांध सोडला म्हणे

ओमेश लेका,

परवा फोनवर तू म्हणाला, "आजी, मी बँड सोडून दिला." मले ऐकू आलं, बांध सोडून दिला. आपल्या नवेगाव-बांध गावाले आपण सारे नुसतं बांधच म्हणतो ना! मी फोन ठेवून तशीच बसून राहिली. चुलीवरचा भात करपला. म्हटलं, पुण्याले गेला अन् पोट्ट्यानं गाव टाकलं.

तू काढलेलं तलावाचं चित्र मी भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तुह्या त्या जुन्या विलायती गाण्यांच्या तवकड्या पेटीत कोंबल्या.

आज तुही बहीण चेतना आली. मले म्हणे, "आजी, गिटारवाल्यांचं टोळकं सोडलं त्यानं, गाव कायले सोडन?" हसून हसून लोळली, येडी पोट्टी.

चित्र सरळ केलं. चेतनानं एक तवकडी लावली. अजूनही भांडे आपटल्यासारखीच वाजते, पण मी बंद कर म्हटलं नाही.

टोळकं गेलं तर जाऊ दे. गिटार घेऊन ये, तलावाच्या पाळीवर बसून वाजव. पाखरं उडाली तर उडाली.

हे पत्र मी धाडत नाही. धाडलं तर तुले समजन, भात काऊन करपला ते.

तुही आजी,
शामकला