पुरे म्हणायचे राहून गेले

मी, पद्मा गेणू खारतोडे, वय ५४ वर्षे, धंदा संस्कृत शिकवणे, राहणार जळोची, तालुका बारामती, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या भावाच्या इंदापूरच्या घरी बसून स्वहस्ते लिहिते. प्रकृती बरी आहे. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन डिसेंबरात झाले. उजवा अजून स्वतःच्या मताने चालतो. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. 'मी कोणाच्याही दडपणाखाली नाही' असेही लिहायची पद्धत आहे. ते वाक्य मी दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले. दडपण आहे. ज्यांचे आहे ते १९९९ साली वारले.

कलम १. जळोचीचे राहते घर, ओसरी व परसातल्या दोन नारळांसह, माझी भाची सई महिपती खारतोडे हिला द्यावे. ती अकरावीपासून माझ्याजवळ राहिली आहे. घरात राहावे, भाड्याने द्यावे, विकावे. कोणतीही अट नाही. 'आत्याला काय वाटलं असतं' असा विचार करण्यास तिला या कलमान्वये मनाई आहे.

कलम २. माझे संस्कृत कोश शाळेच्या ग्रंथालयाला द्यावेत. दुसरा खंड मुख्याध्यापिकाबाईंनी २०११ साली 'दोन दिवसांसाठी' नेला आहे. तो त्यांनी स्वतःच जमा करावा म्हणजे माझ्यावर उपकार होतील.

कलम ३. ओसरीवरची निळी सतरंजी शेजारच्या सावळारामरावांना द्यावी. त्यांचे वय ८१ आहे. संध्याकाळी पोथीचा अध्याय ऐकता ऐकता ते तिच्यावर रोज झोपतात आणि आरतीला बरोबर उठतात. ते माझ्या आधी जाणार नाहीत, असे त्यांनी मला तोंडी कळवले आहे.

कलम ४. पोथीबाबत. हे कलम लांबेल. शिक्षकाची खोड आहे.

रोज सायंकाळी सहाला ओसरीवर पोथीचा एक अध्याय वाचायचा, हा आमच्या तात्यांचा, म्हणजे वडिलांचा नेम. त्यांची दृष्टी गेली तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि पुण्याच्या एका महाविद्यालयात मला नोकरी लागली होती. तात्या म्हणाले, "पद्मे, मी पुरे म्हणेपतोर वाच." मला वाटले, महिनाभर. तीन महिन्यांनी अर्धांगाने त्यांची वाचा गेली आणि अकराव्या दिवशी ते गेले. शेवटच्या संध्याकाळी मी वाचत असताना त्यांनी हात वर केला होता. मी पाणी पाजले. ते पाणी मागत होते की पुरे म्हणत होते, याचा निकाल अजून लागलेला नाही.

तेव्हापासून माझी एकही संध्याकाळ जळोचीबाहेर गेलेली नाही. महिपतीकडे इंदापूरला आले तरी चारच्या एसटीने परत. शेत महिपतीला मिळाले, पोथी मला. शेताला निदान उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकते.

अध्याय संपला की मी साधासा बोध सांगते. श्रद्धा कशी असावी? दुधाची गाडी अजून दिसतसुद्धा नाही, तरी शेजारच्या लीलाबाई किटली घेऊन रस्त्यावर उभ्या असतात, तशी. आणि आज्ञापालन? त्यासाठी पोथीत एका शिष्याची गोष्ट आहे. गुरू म्हणाले, शेताचा बांध फुटलाय, पाणी अडव. माती काही ठरेना, तेव्हा शिष्य स्वतःच त्या खिंडारात आडवा झाला.

यावर सावळारामराव दर वर्षी जागे होऊन विचारतात, "आगं पद्मे, त्यानं खोरं न्हाय नेलं व्हय? पाणी धराय कोन मोकळ्या हातानं जातं?"

लीलाबाई म्हणतात, "त्याची आय आसती तर खोरं घिऊन मागनं पळाली आसती."

सगळे हसतात. मीही हसते आणि म्हणते, "आज्ञेत आपली अक्कल मिसळायची नसते." हा बोध मी सव्वीस वेळा दिला आहे. आता तो परत घेते.

कारण असे. डिसेंबरात डोळ्याला पट्टी होती, म्हणून सईला म्हणाले, "मी पुरे म्हणेपर्यंत वाच." ती "हो आत्या" म्हणाली. पट्टी आठवड्यात निघाली. मी पुरे म्हणाले नाही. खरे लिहायचे तर, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सहा वाजता मी भिंतीला टेकून नुसती बसले होते, आणि ते मला आवडले.

परवा महिपतीचा फोन आला. "आक्का, तुला म्हाईत हाय का? पोरीला हैदराबादला नोकरी लागलीया, बियाण्याच्या प्रयोगशाळेत. दोनदा तारीख फुडं ढकलून घेतली तिनं. आता सोमवारी न्हाय गेली तर संपलं. मी बोललो तर म्हनती, आत्यानं अजून पुरे म्हटलं न्हाय."

त्या गोष्टीचा शेवट मी नेहमी घाईत वाचला, कारण लीलाबाईंना धार काढायला जायचे असते. संध्याकाळ झाली तरी पोरगा आला नाही, म्हणून गुरू स्वतः बांधावर गेले. म्हणाले, ऊठ. तेव्हा तो उठला. म्हणजे आज्ञा पाळणे हे शिष्याचे काम, आणि वेळेवर हाक मारणे हे आज्ञा देणाऱ्याचे. आज्ञा देऊन हाक मारायला विसरणाऱ्यांचा अध्याय पोथीत नाही. तो आमच्या घरात आहे, आणि आता त्यात मीही आहे.

म्हणून मी या जागी लिहायला घेतले की, 'माझ्या पश्चात सईवर वाचनाचे बंधन राहणार नाही.' महिपती चहा घेऊन मागे उभा होता. वाचून म्हणाला, "आक्का, मृत्युपत्र मेल्यावर उघडत्यात. तवर पोरीनं काय करायचं?"

माझा भाऊ बारावी नापास आहे. माझे बंधनाचे वाक्य रद्द समजावे.

माझ्याबरोबर आलेल्या सईला आत बोलावले आणि म्हणाले, "सई, पुरे. सोमवारी जा."

ती म्हणाली, "आणि उद्यापासून?"

"उद्यापासून मी आहेच."

"मग तुला कोण पुरे म्हणणार?"

"ज्यांनी म्हणायचं ते गेले."

"मी म्हणते. पुरे, आत्या."

"तुझी आज्ञा मला चालत नाही. मी मोठी आहे."

भिंतीवरच्या घड्याळात चाराला पाच कमी होते. ते दोघींनाही दिसत होते. मी पेनाचे टोपण शोधायला घेतले. ते माझ्या हातातच होते.

कलम ५. पोथी, तिचे लाल फडके व ती ठेवायची लाकडी ठवणी माझ्या पश्चात महिपतीला द्यावी. वाचण्याची आज्ञा नाही. त्याचे कपाट मोठे आहे.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सईने करावी. त्यासाठी रजा मिळाली नाही तर सवडीने करावी. मी कुठे जाणार आहे?

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो बरोबर आहे. सही करताना सावळारामरावांचा फोन वाजतो आहे. ते सतरंजीवर बसले असतील. तो मी उचललेला नाही. उद्याचे मला माहीत नाही.

सही: पद्मा गेणू खारतोडे

साक्षीदार, दोघेही महिपतीचे शेजारी, सही समक्ष पाहिली:
१. डॉ. सुप्रिया विराज जगदाळे
२. राजवर्धन सिद्धू पारेकर

ठिकाण: इंदापूर
दिनांक: १२ मार्च २०२६, गुरुवार
वेळ: सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटे